दोन काठांची मध्यरेषा

मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूर ह्या गांवांकडे जाणारा अरुंद लोहमार्ग ७६२ मिलिमीटर रुंदीचा बांधला होता. त्याची मध्यरेषा काढणें सोपें आहे. प्रत्येक रुळापासून ३८१ मिलिमीटर आंत मोजलें कीं झालें. रूळ समांतर असल्यामुळें वळणावरही हा नियम ढळत नाहीं.

परंतु पूर्णा नदीचे काठ समांतर नाहींत. तेथें मध्य कोणतें म्हणावें? नदी जेथें हद्द ठरते, तेथें हा प्रश्न केवळ कागदावरचा राहत नाहीं. सागरी हद्दींविषयीं १९८२ सालच्या आंतरराष्ट्रीय करारांत मध्यरेषेची व्याख्या दिलेली आहे : तिचा प्रत्येक बिंदु दोन्ही किनाऱ्यांच्या आधाररेषांवरील निकटतम बिंदूंपासून समान अंतरावर असावा.

दोन्ही काठांवरील बिंदु क्रमानें जोडून त्यांचे मध्यबिंदु घ्यावे, ही युक्ति प्रथम सुचते. पण ती फसवी आहे. समजा, एक काठ सरळ आहे व त्यासमोर ८ मीटरांवर खडकाचें एकच टोक आहे. टोकाच्या थेट समोरील जागेपासून काठानें १६ मीटर दूर जाऊन तेथील बिंदु टोकास जोडला, तर मध्यबिंदु काठापासून ४ मीटर, पण खडकापासून सुमारें ८.९ मीटर पडतो! खरा बिंदु त्या मध्यबिंदूंतून काठाशीं लंब काढलेल्या रेषेंत, काठापासून ८ मीटरांवर आहे. तेथून खडकही ८ मीटरच. असे सर्व बिंदु जोडले असतां अन्वस्त नांवाचा वक्र होतो.

काठ वांकडेतिकडे असतील तर संगणकास पुढील रीत शिकवावी. एका काठावरील बिंदूपासून काठाशीं लंब अशी रेषा समोरच्या काठापर्यंत काढावी व तिच्यावर मधोमध थांबावें. तेथून समोरचा काठ, चाललेल्या अंतराहून दूर असेल तर पुढें सरावें. जवळ असेल तर मागें यावें. शोधाचा टापू दरवेळीं निम्मा होतो. म्हणून ६४ मीटरांचा टापू सहा पावलांत १ मीटरावर येतो. मिळालेला बिंदु आपल्याच काठाच्या दुसऱ्या भागाला अधिक जवळ असेल, तर तो टाकून द्यावा. उरलेले बिंदु म्हणजे दोन्ही काठांना स्पर्श करणाऱ्या वर्तुळांचीं केंद्रें होत. ह्या रेषेस मध्य-अक्ष म्हणतात. आकृतींचें वर्णन करण्यासाठीं हॅरी ब्लम ह्यांनीं तो १९६७ सालीं पुढें मांडला.

कागदावर दोन वक्र काढून कंपासानें हा प्रयोग अवश्य करून पाहावा. एकाच काठावरून मोजून मध्य सांपडत नाहीं. प्रत्येक ठिकाणीं समोरच्या काठाचेंही अंतर विचारावें लागतें. शेजाऱ्याशीं व्यवहार करतांनाही हेंच माप आपण हातीं धरावें.