आज्ञावली लिहिणारे हात

प्रस्तावना

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्या व्यक्तीचा पहिला शिक्षक म्हणजे पुस्तक. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला शंका आली, तर तो उठून विचारू शकतो. दिवसभराचे काम आटोपून रात्री पुस्तक उघडणाऱ्याला ती सोय नसते. कथा, कविता, इतिहास हे विषय अशा एकांतातही साधतात. परंतु संगणकासाठी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्राम, लिहिण्याची विद्या पुस्तकावरून शिकता येते का? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. पाठ समजण्यासाठी संगणकाचे पूर्वज्ञान आवश्यक नाही. मात्र विरामचिन्हांचा धडा एकदा उजळून घेतलात, तर बरे होईल. त्याचे कारण पुढे येईलच.

दुकानातील वही

चंदिगढच्या पूर्व टोकाला, पंचकुला शहराला लागून मनीमाजरा ही वस्ती आहे. चंदिगढ शहर स्वातंत्र्यानंतर आखून वसवले गेले. मनीमाजरा त्याच्या कितीतरी आधीचे, एका लहानशा संस्थानाचे गाव. आज तेथे दोन जगे शेजारी-शेजारी नांदतात. एकीकडे वाहनांची दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा मोटर मार्केट, तर दुसरीकडे २००५ साली सुरू झालेले राजीव गांधी चंदिगढ टेक्नॉलॉजी पार्क. दोहोंमधील अंतर रिक्षाने सहज पार होते. शिक्षणाचे अंतर मात्र तसे पार होत नाही.

अशी कल्पना करा, की मोटर मार्केटमधील एका दुकानात काम करणारा, आठवीनंतर शाळा सुटलेला एक मनुष्य आहे. विक्रीचा हिशेब तो वहीत लिहितो. दुकानात संगणक आला आहे. परंतु त्यावरील तयार हिशेबप्रणाली दुकानाच्या रीतीशी जुळत नाही. आपल्या कामापुरती आज्ञावली आपणच लिहावी, असे त्याला वाटते. महाविद्यालयाचे दार त्याला आज बंद आहे. पुस्तकाच्या दुकानाचे दार उघडे आहे.

नागपूरचे पुस्तक

या संदर्भात एका पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नागपूरचे अभियंते यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे ते पुस्तक. दिल्लीच्या बीपीबी या प्रकाशनसंस्थेने ते प्रसिद्ध केले आणि १९९० च्या दशकापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. देशभरातील अभियांत्रिकीच्या व संगणकाच्या लक्षावधी विद्यार्थ्यांनी सी या भाषेची मुळाक्षरे या पुस्तकावरून गिरवली.

सी भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली. १९७८ साली ब्रायन कर्निघन यांच्यासह त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. ते थोडक्यात सारे सांगते, पण वाचक मुळात जाणता आहे, असे गृहीत धरते. कानेटकरांनी तसे गृहीत धरले नाही. त्यांच्या सुरुवातीच्या उदाहरणांत रमेश नावाचा नोकरदार येतो. त्याच्या मूळ वेतनावर ४० टक्के महागाई भत्ता आणि २० टक्के घरभाडे भत्ता मिळवून एकूण वेतन काढायचे असते. महागाई भत्ता म्हणजे काय, हे भारतातील कोणत्याही नोकरदाराच्या घरात समजावून सांगावे लागत नाही. उदाहरण ओळखीचे असले, की अनोळखी भाषेचे ओझे निम्मे होते. प्रस्तुत लेखकाच्या मते या पुस्तकाच्या यशाचे मर्म येथेच आहे.

पुस्तक इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. पण ती किती मोठी, हे मोजून पाहावे. १९८९ साली निश्चित झालेल्या प्रमाण सी भाषेत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. ज्याला ३२ शब्द पाठ करता येतात, त्याला या भाषेचा शब्दसंग्रह पाठ झाला. अवघड असते ते वाक्य रचणे; आणि तेथे व्याकरण आडवे येते.

अर्धविरामाची गोष्ट

सी भाषेत प्रत्येक विधान अर्धविरामाने संपते. मराठी लिहिताना अर्धविराम राहिला, तर वाचक समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. आपण लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा रूपात आणणाऱ्या प्रणालीला कंपायलर म्हणतात. अर्धविराम सुटला, की कंपायलर थांबतो आणि चूक दाखवतो. पण बहुधा ज्या ओळीत चिन्ह राहिले तिच्यावर नव्हे, तर तिच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवतो. कारण विधान संपले नाही, हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावरच कळते. नवा विद्यार्थी पुढची ओळ दहा वेळा तपासतो, ती निर्दोष असते आणि तो हताश होतो. अशा वेळी एक ओळ मागे जाऊन पाहावे. महिरपी कंसाचेही तसेच: उघडलेला प्रत्येक कंस मिटलाच पाहिजे.

म्हणून हे पुस्तक केवळ डोळ्यांनी वाचायचे नसते. कळफलक पुढे ओढून प्रत्येक उदाहरण स्वतः टंकित करावे, मग त्यातील एखादी संख्या बदलावी, एखादे चिन्ह मुद्दाम गाळावे आणि काय होते ते पाहावे. मुद्दाम केलेल्या चुकीचा संदेश वहीत उतरवून ठेवला, तर तोच संदेश नकळत झालेल्या चुकीच्या वेळी ओळखू येतो. ज्यांना शिक्षक नाही, त्यांच्यासाठी कंपायलर हाच परीक्षक आहे. तो कठोर आहे, पण कितीही वेळा विचारले तरी कंटाळत नाही. वय विचारत नाही, की शाळा का सोडली, हेही विचारत नाही.

(जरा थांबा. पुढील वाक्यातील अर्धविराम काढून ते वाचा: ‘पाऊस आला; पण पेरणी झाली नाही.’ अर्थ बदलला का? संगणकाला हाच मजकूर दिला असता, तर तो कोठे अडला असता?)

खिडकी उघडल्यावर

आतापर्यंत सांगितलेली आज्ञावली काळ्या पडद्यावर चालते. ती विचारते, ‘नग किती?’ आपण उत्तर देतो. ती विचारते, ‘दर किती?’ आपण उत्तर देतो. ती रक्कम दाखवते आणि संपते. वापरणाऱ्याने तिच्या मागून चालायचे असते.

चौकटी, कळा आणि याद्या असलेली, खिडकीत चालणारी आज्ञावली, जिला डेस्कटॉप ॲप्लिकेशन म्हणतात, ती याच्या अगदी उलट वागते. ती खिडकी काढून दुकानदारासारखी गादीवर बसून राहते. गिऱ्हाईक काय मागेल, हे तिला ठाऊक नसते. कोणी आधी दर लिहील, कोणी नग न लिहिताच ‘रक्कम’ ही कळ दाबील, कोणी काहीच न करता खिडकी मिटवील. या प्रत्येक घटनेला उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. कळ दाबल्याचा किंवा माउस हलल्याचा प्रत्येक निरोप विंडोज ही प्रणाली एका रांगेत ठेवते आणि आज्ञावली त्या रांगेतून एकेक निरोप उचलते. एखाद्या निरोपाचे काम फार लांबले, तर मागचे सारे खोळंबतात आणि खिडकी गोठल्यासारखी दिसते. ‘प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना तुम्ही पाहिली असेल. तिचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो.

पहिल्या पुस्तकावरून दुसऱ्यावर जाणारा विद्यार्थी बहुधा येथेच अडखळतो. ‘माझी आज्ञावली सुरू कोठून होते?’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे. ‘लेट अस सी’च्या २००० नंतरच्या काही आवृत्त्यांत विंडोजसाठी आज्ञावली लिहिण्याची प्रकरणे आली. सी भाषेत नुसती रिकामी खिडकी उभी करायलाही अनेक ओळी लागतात, हे तेथे दिसते. मायक्रोसॉफ्टने १९९१ साली आणलेल्या व्हिज्युअल बेसिकने हे काम सोपे केले: माउसने कळ ओढून खिडकीत ठेवायची, तिच्यावर दोनदा टिचकी मारायची आणि उघडलेल्या जागेत दोन ओळी लिहायच्या. सोपेपणाचा तोटाही झाला. कित्येक जण खिडकीचा रंग निवडण्यातच आठवडा घालवतात. आधी काळ्या पडद्यावर गणित बरोबर यावे, मग त्याला खिडकी बसवावी, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो. काही पुस्तके उलट क्रम घेतात, त्यांचाही पक्ष अगदीच चुकीचा नाही.

आपल्या दुकानातील मनुष्याकडे वळू. त्याने दोन चौकटी केल्या. एकीत १२० लिहिले, दुसरीत ८०. ‘बेरीज’ ही कळ दाबली. उत्तर आले १२०८०! संगणक बिघडला नव्हता. चौकटीत लिहिलेली गोष्ट त्याच्या दृष्टीने अक्षरे असतात, संख्या नव्हे. आणि अक्षरांमध्ये अधिक चिन्ह घातले, की ती एकापुढे एक जोडली जातात. आधी अक्षरांची संख्या करून घ्यावी लागते. व्हिज्युअल बेसिकमध्ये त्यासाठी ‘व्हॅल’ नावाची सोय आहे. दोनशे रुपयांच्या मालाचे बारा हजार ऐंशी रुपयांचे बिल गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वी ही चूक सापडणे महत्त्वाचे. म्हणून ज्याचे उत्तर तोंडी ठाऊक आहे, असेच गणित प्रथम घालून पाहावे.

मराठी वाचकाला आणखी एक अनुभव येई. विंडोज २००० पासून त्या प्रणालीत देवनागरीची सोय झाली, तरी व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीतील नेहमीच्या चौकटींना ती लिपी पेलत नसे. कळेवर ‘बेरीज’ असे लिहायला जावे, तो तेथे प्रश्नचिन्हे उमटत. आजच्या साधनांत ही अडचण राहिलेली नाही.

पुस्तकाचे वय

पुस्तक हाती घेताना प्रकाशनाचे वर्ष अवश्य पाहावे. जुन्या पुस्तकांत टर्बो सी हा कंपायलर गृहीत धरलेला असतो. त्यात साधी पूर्णांक संख्या ३२७६७ च्या पुढे जात नसे. दोनशे रुपये दराचे दोनशे नग, म्हणजे ४०,००० रुपये, असे गणित घातले, तर उत्तर येई उणे २५,५३६. आजच्या बहुतेक कंपायलरांत ही मर्यादा दोन अब्ज चौदा कोटींच्या पुढे आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकातील इशारा वाचून तसे करून पाहिले, तर इशाराच खोटा वाटतो. तो खोटा नाही, त्याचे यंत्र बदलले आहे. टर्बो सी आजच्या विंडोजवर सरळ चालतही नाही. सी भाषेसाठी जीसीसी हा कंपायलर विनामूल्य मिळतो. पायथन ही भाषाही विनामूल्य आहे आणि खिडक्या काढण्याची सोय तिच्याबरोबरच येते. मात्र तिच्यातही चौकटीतील १२० आणि ८० यांची बेरीज, काळजी न घेतल्यास, १२०८० च होते.

स्वाध्याय

१. काळ्या पडद्यावरील आज्ञावली आणि खिडकीतील आज्ञावली यांच्या वागण्यात कोणता फरक आहे, ते तुमच्या परिचयाच्या एखाद्या व्यवसायाचे उदाहरण देऊन लिहा.

२. अर्धविराम सुटल्यास कंपायलर पुढच्या ओळीवर चूक का दाखवतो?

३. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणची एक हिशेबाची वही घ्या. तिच्यातील एका पानासाठी आज्ञावली करायची आहे, असे समजून खिडकीत कोणत्या चौकटी व कळा लागतील, त्यांचे चित्र कागदावर काढा. मग घरातील दुसऱ्या व्यक्तीला ते चित्र द्या आणि ती कोणत्या क्रमाने बोट ठेवते, याची नोंद करा.