कापडाचे आयुष्य
(इयत्ता चौथी : परिसर अभ्यासाचा पाठ)

वाळूज हे गंगापूर तालुक्यातील गाव. औद्योगिक वसाहतीमुळे येथे दूरदूरची कामगार कुटुंबे राहावयास आली आहेत. बाजारात स्वस्त तयार कपड्यांचे ढीग दिसतात. परंतु स्वस्त कोणते, हे किमतीवरून ठरत नाही.

समजा, २०० रुपयांचा सदरा ४ महिन्यांत फाटला आणि ४५० रुपयांचा १८ महिने टिकला. पहिल्याचा खर्च दरमहा ५० रुपये, दुसऱ्याचा २५ रुपये. म्हणजे स्वस्त वाटलेला सदरा दुप्पट महाग पडला.

कापडात पाणीही खर्ची पडते. एका सुती टी-शर्टासाठी, कापूस पिकविण्यापासून, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा जागतिक सरासरीचा अंदाज आहे. अवर्षणाची झळ सोसणाऱ्या मराठवाड्यास त्याचे मोल सांगावयास नको. कृत्रिम धाग्याचे कापड लवकर कुजत नाही आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात मिसळतात.

मराठवाड्यातील घरोघरी पूर्वी कापड सहसा वाया जात नसे. थोरल्याचा सदरा धाकट्यास होई. जीर्ण लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवीत. काही जुने कपडे बोहारीण भांड्यांच्या मोबदल्यात नेई. अगदी विरलेल्या चिंधीचे शेवटी पोतेरे होई.

कापड घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. कपड्याची खरोखर गरज आहे काय?
२. कापड उजेडात धरून पाहावे. वीण घट्ट असावी.
३. शिलाईत माया आहे काय? माया असल्यास वाढत्या मुलाचा कपडा उसवून मोठा करता येतो.
४. उसवलेली शिवण, तुटलेले बटण यांची दुरुस्ती लगेच करावी.

शिक्षकांनी प्रत्येक मुलास बटण लावावयास व ठिगळ जोडावयास शिकवावे. सुईचे काम मुलांनी व मुलींनी सारखेच करावे. घरातील एका गोधडीत कोणाकोणाचे कपडे आहेत, हे आजीस विचारून लिहून आणण्यास सांगावे.

एक गोष्ट मात्र विशेष सांभाळावी. ठिगळाचा सदरा घालून आलेल्या मुलास वर्गात कोणी हिणविल्यास हा सारा पाठ व्यर्थ होय. ठिगळ हे कोणीतरी काळजीने घातलेल्या टाक्यांची खूण आहे, हे प्रथम शिक्षकाच्या वागण्यातून मुलांस दिसावे.

प्रश्न : ३०० रुपयांचा झगा ६ महिने टिकला. दुरुस्तीस २० रुपये खर्चून तो आणखी १० महिने वापरला. दरमहा खर्च किती? दुरुस्तीमुळे तो किती कमी झाला?