एका अक्षरासाठी थांब

छकुले, उद्या तुझी नर्स म्हणून वॉर्डमधली पहिली ड्यूटी. मराठी माध्यमातून आलेली, म्हणून इंग्रजीची धास्ती घेऊन बसली आहेस, हे काल फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. इतकी वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगते, फाडफाड इंग्रजी नसलं तरी चालतं. इथे लागतं ते अचूक इंग्रजी, आणि ते कष्टाने येतं.

अर्धांगवायूचा पेशंट घे. डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास. डिसफेझिया म्हणजे बोलायला, शब्द सुचायला त्रास. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक एकाच अक्षराचा, एकात 'जी' तर दुसऱ्यात 'एस'. आपल्या तोंडी तर दोन्ही जवळजवळ सारखेच, आणि या आजारात दोन्ही होऊ शकतात! मी नवी होते तेव्हा ड्यूटी बदलताना हँडओव्हरमध्ये गिळण्याचं सांगितलं होतं, मी बोलण्याचं समजले. पेशंटच्या लेकाने बाबांच्या तोंडाला चहाचा कप लावला, तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी त्याचा हात धरला. तो घोट श्वासनलिकेत गेला असता तर? अजून अंगावर काटा येतो गं. तेव्हापासून मी डिसफेजिया हा शब्द उच्चारला की लगेच मराठीत जोडते, 'तोंडाने काही द्यायचं नाही.' तूही जोड. त्यात कमीपणा नाही.

लिहितानाही जप. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसता 'यू' लिहू नकोस. घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि 4 चे 40 होतात. युनिट हा शब्द पूर्ण लिही. अर्धा मिलिग्रॅम 0.5 असाच लिही, टिंबाआधीचं शून्य गाळू नकोस, पण एक मिलिग्रॅम नुसता 1. टिंब पुसट झालं की 1.0 चे 10 वाचले जातात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 मध्ये 'वापरू नका' अशी यादी काढली, तिच्यात हे सगळं आहे.

'ओडी' या संक्षेपाचाही असाच घोळ होतो. मेडिसिनच्या वॉर्डात दिवसातून एकदा, डोळ्यांच्या विभागात उजवा डोळा.

डॉक्टर घाईत असले, चिडले, तरी स्पेलिंग विचार. ऐकलेलं लिहून घे आणि त्यांना परत वाचून दाखव. उद्या खिशात छोटी वही ठेव आणि पहिल्या पानावर डिसफेजिया आणि डिसफेझिया हे दोन शब्द अर्थासकट लिही. रात्री मला फोन कर, मी जागी असेन.