माहिती देणारे आपण, मग ठरवणारे कोण?

वस्तीत आरोग्याची पाहणी करणारे येतात. वजन घेतात, प्रश्न विचारतात, कागद भरतात आणि निघून जातात. त्या कागदाचे पुढे काय झाले, हे वस्तीला बहुधा कळत नाही. ज्यांच्या घरात आजार आहे त्यांनीच प्रश्न निवडायचा, उपाय ठरवायचा आणि तो लागू पडला का हेही पाहायचे, अशी दुसरी एक पद्धत आहे. तिला लोकसहभागी संशोधन म्हणतात. ती आपण नीट समजून घेऊ.

झारखंड आणि ओडिशातील तीन जिल्ह्यांत, बहुसंख्य आदिवासी गावांत, ‘एकजूट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात हे काम केले. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत तिथे फार बाळे दगावत होती. संस्थेने तिथे नवा दवाखाना बांधला नाही. बायकांचे गट दर महिन्याला बसू लागले. बैठक चालवणारी बाई त्याच भागातली, त्यांचीच भाषा बोलणारी होती. ती डॉक्टर किंवा नर्स नव्हती.

बैठकांचे चार टप्पे होते. आधी अडचणी ओळखायच्या, मग उपाय ठरवायचे, ते अमलात आणायचे आणि शेवटी काय साधले ते तपासायचे. चित्रे आणि गोष्टी यांच्या आधारे बोलणे होई, त्यामुळे अक्षरओळख नसलेली बाईही मागे राहत नसे. प्रत्येक उत्तरावर ‘पण का?’ असे विचारायचे. जसे, बाळ गेले. का? अंग थंड पडले. का? वार पडेपर्यंत त्याला उघडेच ठेवले. का? सगळ्यांचे लक्ष आईकडे होते. इथपर्यंत पोहोचले की बायकांना उपाय आपणहून सुचतो.

या गावांची तुलना अशा बैठका नसलेल्या गावांशी केली गेली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तीन वर्षांत नवजात बालमृत्यू ३२ टक्के कमी. सुईणीने साबणाने हात धुणे, नाळ उकळलेल्या धाग्याने बांधणे अशा घरच्या घरी होणाऱ्या गोष्टी वाढल्या होत्या. सर्वांत गरीब, सर्वांत मागे ठेवलेल्या घरांना फायदा अधिक झाला, ही गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. त्याआधी नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातही अशाच गटांमुळे बालमृत्यू घटले होते. पुढे झारखंड-ओडिशात आशाताईंनी बैठका घेतल्या, तेव्हाही तसाच परिणाम दिसला.

साबणाने हात धुवा, हे आम्ही नर्स मंडळी वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. सांगितलेले माणूस ऐकते आणि विसरते. स्वतः शोधलेले मात्र ती शेजारणीलाही सांगते.

आपल्या महिला मंडळाला हे करता येईल. विहारात किंवा समाजमंदिरात बसा. अंगावरून जाणे, रक्त कमी असणे, संडासाची गैरसोय, दारू अशा त्रासांची चित्रे जमिनीवर मांडा. प्रत्येकीला तीन चिंचोके द्या. जो त्रास मोठा वाटतो त्या चित्रावर तिने ते ठेवावेत. सुनेला सासूसमोर बोलता येत नसेल, तर सुनांची बैठक वेगळी घ्या. मोजणी सर्वांसमोर करा. पहिला आलेला एकच प्रश्न घ्या, कोण काय करणार ते ठरवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसा. औषधे, डॉक्टर, पाणी ही सरकारची जबाबदारी आहे. ती मागताना हीच मोजणी अर्जासोबत जोडा.

आणि यापुढे कोणी पाहणीला आले, तर चार गोष्टी विचारा : हे प्रश्न कोणी ठरवले? आमची नावे गुप्त राहतील का? उत्तर द्यायचे नसेल तर चालेल का? निष्कर्ष आमच्या भाषेत सांगायला परत कधी येणार?

उत्तरे मिळाल्यावरच माहिती द्या. हा आपला हक्क आहे.