हाशिमोटो विकार : बरे वाटले तरी गोळी थांबवू नये

‘आम्ही आयोडीनयुक्त मीठच खातो, मग थायरॉइडचा त्रास कसा?’ हा प्रश्न आम्हांस बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु आयोडीनच्या अभावी होणारा गलगंड निराळा आणि हाशिमोटो विकार निराळा. डॉ. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथी तपासून याचे प्रथम वर्णन केले. या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच थायरॉइड ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते व ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी न सोसणे, पाळीची अनियमितता ही लक्षणे इतक्या सावकाश येतात की घरची मंडळी त्यांना वयोमान म्हणतात, क्वचित आळसही. हा दुसरा शब्द रुग्णाच्या मनाला फार लागतो.

निदानासाठी रक्तातील टीएसएच, टी-४ व प्रतिपिंडे तपासतात. प्रतिपिंडांची तपासणी एकदा पुरते. ती पुनःपुन्हा केल्याने उपचार बदलत नाहीत, केवळ खर्च वाढतो.

ग्रंथीचे काम कमी पडू लागले की थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावयाची असते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. (उपवासाच्या दिवशीही ती चुकवावयाची नाही, हे आवर्जून सांगावे लागते.)

खरी फसगत पुढेच होते. थायरॉक्सिन शरीरात रेंगाळते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे बरे वाटताच गोळी सोडली तर आरंभी काहीच बिघडत नाही, आणि गोळीवाचून चालते असा समज होतो. काही आठवड्यांनी थकवा परततो, तेव्हा त्याचा संबंध सोडलेल्या गोळीशी कोणी जोडीत नाही. याच कारणास्तव मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात; त्याआधी घाई करण्यात अर्थ नसतो.

गर्भारपणात ही चूक फार महाग पडते. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेशी कामास लागलेली नसते. ते मातेच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. ‘दिवस गेले आहेत, आता औषधे नकोत’ असे सासूबाई किंवा आई मायेने सांगतात, आणि गोळी बंद होते. त्यातून गर्भपाताचा धोका वाढतो, बाळाच्या मेंदूच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. वास्तविक या काळात मात्रा बहुधा वाढवावीच लागते. म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांना कळवावे, गोळी चालू ठेवावी आणि गर्भारपणाच्या पूर्वार्धात सुमारे दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावे.