हिवाळ्यातील परसबाग : घरच्या ताटासाठी घरची भाजी

पावसाळा ओसरून आश्विनातील ऊन खाली बसले, की महाराष्ट्रात भाजीपाल्याचा सर्वांत अनुकूल काळ सुरू होतो. थंड रात्री, कोरडी हवा आणि स्वच्छ सूर्यप्रकाश यांमुळे मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी व फुलकोबी ही पिके या दिवसांत जोमाने वाढतात. घरामागील चार-पाच मीटर लांबीरुंदीची मोकळी जागाही त्यासाठी पुरेशी होते.

या उद्योगाकडे केवळ विरंगुळा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रौढ व्यक्तीसाठी दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्यांची शिफारस केली आहे. बाजारभाव चढले, की घरखर्चात पहिली काटछाट भाजीवर होते आणि उरलेली भाजी वाढताना घरातील स्त्रीचा वाटा बहुधा शेवटी येतो. दारची भाजी ही उणीव काही अंशी भरून काढू शकते.

जागा आणि माती

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेची जागा दिवसभर सावलीत राहण्याचा संभव असतो. दक्षिणेची वा पूर्वेची, किमान सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी. वेल व उंच पिके बागेच्या उत्तर कडेला घ्यावीत, म्हणजे त्यांची सावली इतर वाफ्यांवर पडत नाही. माती वीतभर खोल खणून ढेकळे फोडावीत व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. त्यामुळे मुळ्या-गाजरांना फाटे फुटतात आणि वाळवीचा उपद्रवही वाढतो.

पेरणीचे तंत्र

मेथी, पालक, मुळा, गाजर व वाटाणा यांचे बी कायम जागीच पेरावे. गाजराचे बारीक बी वाळूत मिसळून पेरल्यास ते सारखे पडते. धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत. कोबी, फुलकोबी, टोमॅटो व वांगी यांची मात्र आधी रोपे तयार करावीत आणि ती चार ते पाच आठवड्यांची झाल्यावर, ऊन उतरल्यानंतर सायंकाळी लावावीत. कोबीच्या दोन रोपांत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर असावे. फुलकोबीची जात हंगाम पाहूनच निवडावी. लवकर येणारी जात उशिरा लावल्यास गड्डा गुंडीएवढाच राहतो.

नवशिक्यांच्या हातून घडणारी मोठी चूक म्हणजे सगळे बी एकाच दिवशी पेरणे. मेथी महिन्याभरात काढणीस येते. सारा वाफा एकदमच तयार झाला, तर आठ दिवस भाजी उतू जाते आणि पुढे महिनाभर वाफा ओस पडतो. म्हणून वाफ्याचे तीन भाग करून दर दहा-पंधरा दिवसांनी एकेक भाग पेरावा. पालक मुळासकट न उपटता पाने खुडल्यास तो अनेक वेळा मिळतो.

पाणी आणि कीड

थंडीत बाष्पीभवन कमी असल्याने रोज पाणी देण्याची गरज नसते. बोटभर खोलीवर माती कोरडी लागली, की सकाळी पाणी द्यावे. भाजी, तांदूळ व डाळी धुतलेले पाणी बागेस चालते. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीवर सोडू नये. कोबीवरील माव्यासाठी ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. वाटाण्याच्या पानांवर पांढरी भुरी दिसताच रोगट पाने काढून टाकावीत.

ज्यांना अंगण नाही, त्यांनी तळाला भोके पाडलेले डबे, कुंड्या किंवा जुनी पोती वापरावीत. मेथी व कोथिंबीर वीतभर मातीतही चांगली येते.

वाफ्यातून ताटात

पालेभाजीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. भाजीवर लिंबू पिळल्यास किंवा सोबत कच्चा टोमॅटो खाल्ल्यास क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. जेवणाला लागून घेतलेल्या चहामुळे ते घटते. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी आणि ती शिजवलेले पाणी ओतून न देता आमटीत वापरावे. रक्तक्षय असल्यास वैद्यकीय सल्ल्याने मिळालेल्या लोहाच्या गोळ्या भाजीच्या भरवशावर बंद करू नयेत.

बियाणे आणि स्थानिक हवामानास योग्य अशा जाती यांविषयी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याचा किंवा जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. वाफ्याची राखण घरातील सर्वांनी मिळून करावी आणि पहिल्या खुडीची भाजी, जिचे ताट नेहमी शेवटी वाढले जाते, तिला आधी वाढावी. परसबागेचे खरे सार्थक त्यातच आहे.