घरच्या दुरुस्तीची हत्यारे : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा



कोयता, कुदळ आणि खुरपे आपल्या घरी पूर्वीपासून आहेत. आता पाण्याचा पंप, फवारणीचा पंप, पॉवर टिलर, कडबा कापण्याचे यंत्र आणि दुचाकीही आली. यंत्र आले की नट-बोल्ट आले, आणि नट-बोल्ट आले की पाना-पक्कड आलीच. रोपलावणीच्या ऐन दिवसांत पंपाचा एखादा बोल्ट ढिला होतो. मिस्त्री दोन दिवसांनी येतो आणि तोवर तरवा पिवळा पडतो. घरात योग्य मापाचा एक पाना असता तर ते काम पाच मिनिटांचे होते.

म्हणून पुष्कळ जण बाजारातून हत्यारांचा डबा आणतात. चाळीस नगांचा झगमगीत डबा दोन चांगल्या पान्यांच्या किमतीत मिळतो. पण पहिल्याच घट्ट नटावर पान्याचे तोंड फाकते, नटाचे कोपरे गोल होतात आणि हाताची बोटे लोखंडावर आपटतात. मग नवा पाना आणला तरी तो गोल झालेल्या नटावर बसत नाही. स्वस्त हत्यार स्वतः तर जातेच, शिवाय यंत्राचेही नुकसान करून जाते.

याचा अर्थ सगळीच हत्यारे महाग घ्यावीत असा नाही. लहान शेतकऱ्याला ते परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. कोणते हत्यार नवे व चांगले घ्यावे, कोणते जुने चालेल, कोणते लोहाराकडून करून घ्यावे आणि कोणते चार घरांत मिळून घ्यावे, एवढे ठरवता आले की थोड्या पैशांत काम भागते. या धड्यात तेच पाहू.

१. नवे आणि चांगलेच घ्यावे

जे हत्यार निसटले की हात किंवा डोळा जखमी होतो, अथवा यंत्राचा भाग बिघडतो, तेथे काटकसर करू नये. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉचे पाते आणि डोळ्यांवरचा चष्मा ही त्यातली मुख्य.

*पाने :* पूर्ण संच घेण्याची घाई नको. आधी घरच्या यंत्रांचे नट मोजा. साधारणपणे ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला १० चा पाना लागतो, ८ च्या बोल्टाला १३ चा, १० च्या बोल्टाला १७ चा आणि १२ च्या बोल्टाला १९ चा. नव्या पद्धतीच्या काही बोल्टांना १७ ऐवजी १६ चा व १९ ऐवजी १८ चा पाना लागतो. अवजारांच्या जाड, १६ मिलिमीटरच्या बोल्टाला २४ चा पाना बसतो. दुतोंडी पाने १०×११, १२×१३, १६×१७ आणि १८×१९ अशा जोड्यांत सुटे मिळतात. एवढे चार पाने घेतले तरी घरची बहुतेक कामे होतात. जुनी यंत्रे इंचाच्या मापाची असतात. त्यांना मिलिमीटरचा पाना 'जवळपास बसतो' म्हणून लावू नये.

उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, तर रिंग पाना नटाला सगळीकडून धरतो. म्हणून पैसे थोडे असतील तर आधी रिंग पाने घ्यावेत. तोंड कमीजास्त करता येणारा ॲडजस्टेबल पाना अडीअडचणीला एक असावा, पण त्याच्यावर रोजचे काम करू नये. तो वापरताना जोर पक्क्या जबड्यावर येईल असा लावावा, सरकत्या जबड्यावर नव्हे.

चांगला पाना ओळखावा कसा? त्यावर माप आणि बनवणाऱ्याचे नाव धातूतच ठसठशीत उमटवलेले असते. नुसत्या चिकटवलेल्या कागदावर विसंबू नये. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा, ठोकून घडवलेला पाना सडपातळ असूनही मजबूत असतो. ओतलेला स्वस्त पाना जाडजूड दिसतो, त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि जोर आला की तो मोडतो. चकाकीला भुलू नये, कारण मुलामा मऊ लोखंडावरही चढवता येतो. खिशात एक नवा बोल्ट घेऊन दुकानात जावे व पाना त्यावर घालून पाहावा. तो डगडगत असेल तर परत ठेवावा.

*पक्कड :* मिटून उजेडाकडे धरावी. जबड्याची टोके एकमेकांना नीट भिडली पाहिजेत. खिळीपाशी बाजूला हलवून पाहावी, तेथे खेळ नसावा. तार कापायच्या धारेने कागदाचा तुकडा स्वच्छ कापला गेला पाहिजे. मुठीवर प्लास्टिकचे वेष्टन आहे म्हणून चालू विजेच्या तारेला हात घालू नये. आधी मेन स्विच बंद करावा.

*हॅक्सॉ :* साधी चौकट चालेल, पण पाते चांगले हवे. बारा इंची पात्यावर दर इंचाला १८, २४ किंवा ३२ दात असतात. जाड लोखंडाला १८, अँगल व पाइप यांना २४ आणि पातळ पत्र्याला ३२ दातांचे पाते घ्यावे. कापताना निदान तीन दात धातूवर टेकलेले असावेत, नाहीतर दात मोडतात. दातांची दिशा पुढे असावी. पुढे ढकलताना जोर द्यावा, मागे घेताना देऊ नये.

२. जुने चालेल, किंबहुना जुनेच बरे

व्हाईस, ऐरण, घण, मोठा हातोडा आणि पहार ही जड लोखंडाची वस्तू. त्यांत झिजण्यासारखे फारसे काही नसते. यांवर नव्याची किंमत मोजण्याचे कारण नाही.

बेळगावच्या मुलखाला लोखंडकामाची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलचे दुकान काढले. लोखंडी नांगर बनवण्याचा उद्योगही त्यांनी तेथेच सुरू केला आणि १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला नेला. आज बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापुरात ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने आहेत. अशा शहरांत जुनी हत्यारे भंगाराच्या दुकानांत येतात. शोधणाऱ्याला तेथे चांगला माल सापडतो, मात्र पारख हवी.

जुना व्हाईस घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. जबडे मिटल्यावर सारखे भिडतात का? स्क्रू फिरवताना आटे घसरतात का? बिडात कोठे तडा किंवा वेल्डिंग आहे का? छोट्या हातोडीने हलकेच टिचकी मारावी. अखंड बीड खणखणते आणि तडा गेलेले बद्द वाजते. वेल्डिंग केलेला व्हाईस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

जुन्या हातोड्याचे तोंड टवके उडालेले नसावे. दांडा मोडलेला असला तरी चालेल, तो बदलता येतो. धावडा किंवा बाभळीचे वाळलेले लाकूड दांड्याला चांगले. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने सरळ गेलेल्या पाहाव्यात. आडव्या रेषांचा दांडा घावासरशी मोडतो आणि तोंड उडून समोरच्याला लागते. दांडा बसवल्यावर वरून पाचर मारायला विसरू नये.

जुना पाना मात्र जपून घ्यावा. बोल्टावर घालून पाहावा. त्याचे तोंड फाकलेले असेल तर तो फुकटही नको.

३. लोहाराकडून करून घ्यावे

कोयता, कुऱ्हाड, विळा, खुरपे, छिन्नी ही धारेची हत्यारे गावच्या लोहाराकडूनच करून घ्यावीत. आपल्या हाताला, आपल्या उंचीला आणि आपल्या पिकाला शोभेल असा आकार तोच देतो. मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्याचे पोलाद यासाठी उत्तम. हा पाटा भंगारातून आपण नेऊन द्यावा, म्हणजे मजुरीच तेवढी द्यावी लागते.

सगळी खुबी असते पाणी देण्यात. लाल तापलेले पाते बुडवून काढले की ते कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढावा लागतो. याची परीक्षा जुन्या कानशीच्या कोपऱ्याने करता येते. कानस धारेवरून काचेवरून घसरावी तशी घसरली तर धार फार कडक झाली, तिचे टवके उडतील. कानस मऊ लोखंडात रुतावी तशी सहज रुतली तर धार मऊ राहिली, ती मुडपेल. किंचित अडून जेमतेम लागली तर पाणी बरोबर बसले. हत्यार ताब्यात घेण्यापूर्वी लोहाराच्या समोर ही परीक्षा करावी. चांगल्या कारागिराला तिचा राग येत नाही.

घरी विजेच्या सहाणेवर धार लावताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. धार निळी पडली की तिचे पाणी उतरले असे समजावे.

४. चार घरांत मिळून घ्यावे

ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगचे यंत्र आणि मोठा पाइप पाना ही हत्यारे वर्षातले मोजके दिवस लागतात. प्रत्येक घराने हलक्या प्रतीचे एकेक घेण्यापेक्षा वाड्यातल्या चार घरांनी एक चांगले घ्यावे. समजा ग्राइंडरला चार हजार रुपये लागले, तर एका घराच्या वाट्याला हजारच येतात. ते कोणाकडे ठेवायचे, पाते किंवा चकती कोणी आणायची आणि बिघडल्यास खर्च कसा वाटायचा, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. तोंडी करारावर शेजारधर्म फार दिवस टिकत नाही.

विजेचे हत्यार घेताना वायर जाड व अखंड हवी. तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंगची पिन कापू नये. दोन पिनांच्या हत्यारावर 'चौकोनात चौकोन' अशी खूण पाहावी. आतून दुहेरी आवरण असल्याची ती निशाणी आहे. घरच्या बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घेतला तर अंगात वीज उतरू लागताच प्रवाह तुटतो. पाण्यापाशी काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी तो असलाच पाहिजे.

ग्राइंडरच्या चकतीवर लिहिलेले फेरे यंत्रावर लिहिलेल्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत. चकतीच्या मधल्या पत्र्यावर मुदतीची तारीख असते, तीही पाहावी. मुदत संपलेली, भिजलेली किंवा तडा गेलेली चकती फिरताना फुटते व गोळीसारखी लागते. ग्राइंडरचे संरक्षक झाकण कधीही काढू नये. त्याला लाकूड कापायचे दातेरी पाते लावू नये, कारण ते अडकून उसळते. पदर, उपरणे आणि सैल बाही आवरून बसावे.

५. आरोग्याची गोष्ट : डोळा

हत्यारांच्या यादीत पहिला खर्च चष्म्याचा असावा. बाजूंनीही झाकणारा प्लास्टिकचा चष्मा एका चांगल्या पान्यापेक्षाही कमी किमतीत मिळतो. घण मारताना, छिन्नी ठोकताना व ग्राइंडर चालवताना तो लावलाच पाहिजे. जवळ उभ्या असलेल्या मुलांना दूर पाठवावे. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरते, ते वेळीच घासून टाकावे, कारण तेच टवके डोळ्यात जातात. एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधी मारू नये.

डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर डोळा चोळू नये. सुईने, पदराच्या टोकाने किंवा जिभेने कण काढण्याचा प्रयत्न करू नये. दूध, मध, एरंडेल घालू नये. डोळ्यावर दाब न देता एखादी स्वच्छ वाटी झाकून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. आत शिरलेला कण कधी कधी फारसा दुखत नाही, पण आत गंजून दृष्टी घेऊन जातो. दुखत नाही म्हणून थांबणे हीच मोठी चूक. तसेच हत्याराची जखम झाल्यास ती साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात आणि शेतकऱ्याचे हात त्यातच असतात.

६. कोणत्या क्रमाने घ्यावे

सगळे एकदम नको. या हंगामात चष्मा, चार रिंग पाने आणि पक्कड घ्यावी. पुढच्या हंगामात दोन स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉ आणि एक कानस. त्यानंतर जुना व्हाईस. मिळून घ्यायचे यंत्र शेवटी. दरम्यान गंजलेल्या नटावर जोर करण्याआधी रात्रभर रॉकेल किंवा डिझेल सोडून ठेवावे व सकाळी हलके ठोकून मग फिरवावा. पान्याला पाइप जोडून जोर लावू नये. काम झाले की हत्यार पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावे. आमच्याकडच्या पावसात चांगले पोलादही एका रात्रीत तांबूस होते.

उजळणी : घरी बसून चर्चा करा

१. आपल्या घरी कोणती यंत्रे आहेत आणि त्यांना कोणत्या मापाचे पाने लागतात? यादी करा.
२. घरातल्या कोणत्या हातोड्याचा दांडा ढिला आहे? कोणत्या छिन्नीचे डोके पसरले आहे?
३. वाड्यातली कोणती चार घरे मिळून एक यंत्र घेऊ शकतील?
४. चष्मा घरात आहे का? नसेल, तर या आठवड्यात कोण आणणार?